सीडी-४ वाढतो तेव्हा नेमके काय होते? एचआयव्हीविरोधी औषधे आणि व्याधिक्षमत्व

आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी चिकित्सा करणाऱ्या वैद्याला, तसेच येथील औषधी दुकानदाराला, एक प्रश्न वर्षातून दोन-चारदा तरी ऐकावा लागतो. प्रश्न हळू आवाजात, दुकानात वा दवाखान्यात इतर कोणी नाही असे पाहून विचारला जातो : ‘यवतमाळहून ज्या गोळ्या मिळतात, त्यांनी प्रतिकारशक्ती वाढते की अंगातली शक्ती आणखी जाते?’ आपल्यापैकी अनेकजण यावर घाईने उत्तर देतात. कोणी म्हणतो, त्या गोळ्या प्रतिकारशक्ती वाढवितात. कोणी म्हणतो, त्या अतिशय उष्ण व तीक्ष्ण असून धातूंचा क्षय करतात. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि यांपैकी पहिले उत्तर दुसऱ्याहून कमी घातक आहे असे समजण्याचे कारण नाही. ते का, हे स्वानुभवावरूनच सांगणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटते.

पंधराहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट. जिनिंगमध्ये काम करणारे एक गृहस्थ दीड-दोन वर्षे नियमित एआरटी (अँटिरेट्रोव्हायरल थेरपी) घेत होते. उपचार सुरू झाले तेव्हा त्यांचा सीडी-४ दीडशेच्या आत होता, तो वाढून चारशेच्या पुढे गेला होता. भूक चांगली, वजन वाढलेले, हंगामात रात्रपाळीही करीत. कागद पुढे ठेवून त्यांनी विचारले, ‘डॉक्टरसाहेब, आता शक्ती भरून आली ना?’ आम्ही आनंदाने होय म्हटले आणि आता आपण रसायन चिकित्सा सुरू करू असेही सांगितले. एआरटी बंद करा, असे आम्ही म्हटले नव्हते. पण ती चालूच ठेवा, असेही म्हटले नाही. शक्ती भरून आली, आता तीच टिकविण्याचे औषध वैद्य देत आहेत, मग महिन्याकाठी यवतमाळची फेरी कशाला, असा अर्थ त्यांनी काढला. तो अगदी स्वाभाविक होता. वर्षभरानंतर ते पुन्हा आले तेव्हा तोंडात पांढरा थर होता, खोकला व सायंकाळचा ज्वर होता आणि सीडी-४ शंभराच्या खाली गेला होता. क्षयरोग निघाला. त्यातून ते बचावले. परंतु मध्येच सोडलेल्या औषधांना विषाणू दाद देईनासा झाला होता, म्हणून दुसऱ्या टप्प्याच्या औषधांसाठी त्यांना पुढची अनेक वर्षे दूरच्या शहरी खेपा घालाव्या लागल्या. दोष रुग्णाचा नव्हता. ‘प्रतिकारशक्ती वाढली’ हे दोन शब्द आम्ही ज्या सैलपणे वापरले, त्यांचा होता.

म्हणून ही औषधे शरीराच्या व्याधिक्षमत्वावर कोणत्या मार्गाने परिणाम करतात, ते थोडे खोलात जाऊन पाहू.

विषाणू काय बिघडवितो

एचआयव्ही हा विषाणू मुख्यतः रक्तातील व लसीकाग्रंथींतील सीडी-४ जातीच्या लिम्फोसाइट पेशींत शिरतो. या पेशी स्वतः फारशा लढत नाहीत. इतर पेशींना कोणत्या शत्रूविरुद्ध, किती तीव्रतेने आणि केव्हापर्यंत लढायचे, याचे आदेश त्या देतात. त्या नाहीशा झाल्या की सैन्य शाबूत असूनही मोडकळीस येते. निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. संख्या २०० च्या खाली गेली की एरवी आपल्याला त्रास न देणारे जंतू, बुरशी व क्षयाचे जिवाणू डोके वर काढतात.

विषाणू शिरल्यावर अनेक वर्षे रुग्ण बरा दिसतो. त्यामुळे या काळात विषाणू निद्रिस्त असतो, असे पूर्वी पुष्कळ तज्ज्ञांनाही वाटत असे. १९९५ साली डेव्हिड हो व जॉर्ज शॉ यांच्या दोन स्वतंत्र गटांनी नव्या औषधांचा एक साधन म्हणून उपयोग करून ही समजूत मोडून काढली. औषध देताच रक्तातील विषाणूंची संख्या कोसळली. ज्या वेगाने ती कोसळली, त्यावरून रोज नवे विषाणू किती निर्माण होत असले पाहिजेत याचे गणित मांडता आले. पुढील वर्षीच्या सुधारित गणितानुसार तो आकडा दिवसाला सुमारे १,००० कोटी विषाणुकणांचा होता, आणि विषाणू तयार करणारी पेशी एक-दोन दिवसच जगत होती. बाहेरून शांत दिसणाऱ्या शरीरात रोज एवढी झीज व तेवढीच भरपाई चाललेली असते. भरपाई किंचित कमी पडते, आणि वर्षानुवर्षांच्या त्या किंचित तुटीतून एक दिवस दिवाळे निघते. आपल्या परिभाषेत याला ओजाचा क्रमिक क्षय म्हणण्यास हरकत नाही, मात्र हे साम्य दाखविण्यापुरतेच आहे. राजयक्ष्म्याच्या साहस, संधारण, क्षय व विषमाशन या चार हेतूंत विषाणूला बळेच बसविण्याचा काही लेखकांचा अट्टहास आम्हांस पटत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मरणाऱ्या बहुतेक सीडी-४ पेशींत विषाणूची पूर्ण निर्मिती झालेलीच नसते. संसर्गाचा अर्धवट प्रयत्न ओळखून पेशी स्वतःच दाह उत्पन्न करून मरते, आणि त्या दाहाकडे आणखी पेशी ओढल्या जातात. म्हणजे येथे रोगप्रतिकारक यंत्रणा थंड पडलेली नसते. ती अकारण, अविरत पेटलेली असते, आणि त्या पेटण्यातच तिचा क्षय होतो. रुग्णाला ‘प्रतिकारशक्तीला उत्तेजन’ देण्याची भाषा करणाऱ्यांनी या एका वाक्यावर क्षणभर थांबावे.

औषधे काय करतात आणि काय करीत नाहीत

आज आपल्या देशात सरकारी केंद्रांतून बहुतेक प्रौढांना मिळणाऱ्या गोळीत तीन द्रव्ये असतात : टेनोफोव्हिर ३०० मि.ग्रॅ., लॅमिव्ह्युडिन ३०० मि.ग्रॅ. आणि डॉल्युटेग्राव्हिर ५० मि.ग्रॅ. विषाणूची जनुकीय लिपी आरएनएची असते. पेशीत शिरल्यावर तिचे डीएनएत रूपांतर करणारे त्याचे विकर पहिली दोन औषधे निकामी करतात. तयार झालेला डीएनए आपल्या पेशीच्या गुणसूत्रात सांधणारे विकर तिसरे औषध रोखते. याखेरीज प्रोटिएज विकर रोखणारी अटाझानाव्हिर, डारुनाव्हिर इत्यादी औषधे आहेत. ती बहुधा दुसऱ्या टप्प्यात वापरली जातात.

या यादीत सीडी-४ पेशी निर्माण करणारे, मज्जेला चालना देणारे किंवा लिम्फोसाइटला बळ देणारे एकही द्रव्य नाही. सर्वांचे लक्ष्य विषाणूची विकरे हेच आहे. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेशी त्यांचा थेट संबंध येतो तो क्वचित, आणि आला तर तो उपद्रवाच्या रूपाने. जुने झिडोव्ह्युडिन मज्जेवर दाब आणीत असे. पांडू होई आणि काही रुग्णांत श्वेतपेशीही घटत. असे पांडू झालेले रुग्ण आपल्याकडे येत, आपण नवायस लोह देत असू, आणि गुण येत नसे, कारण तेथे उणीव लोहाची नव्हतीच.

मग सीडी-४ वाढतो कसा? निदानपरिवर्जन ही आपल्या चिकित्सेची पहिली पायरी आहे. हेतू दूर केला की धातू आपल्या क्रमाने पुष्ट होऊ लागतात. येथे घडते ते नेमके असेच. झीज थांबते आणि जी भरपाई शरीर आधीपासूनच करीत होते, ती प्रथमच शिल्लक पडू लागते. वाढणारा सीडी-४ ही शरीराची स्वतःची मिळकत आहे. औषधाने फक्त दरोडेखोराला दाराबाहेर अडवून धरले आहे. अडविणारा हात निघाला की दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांच्या रक्तात विषाणू पूर्ववत दिसू लागतो. त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सांगायला हवे होते.

ही वाढही एकसारखी नसते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आकडा झपाट्याने चढतो, पण त्यातील बराच भाग नव्या पेशींचा नसतो. दाहामुळे लसीकाग्रंथींत अडकून पडलेल्या अनुभवी, म्हणजे स्मृतिधारक पेशी दाह ओसरताच रक्तात परततात. खरी नवी भरती थायमस ग्रंथीतून होते. ती मंद असते आणि वयाबरोबर अधिकच मंदावते. पहिल्या वर्षी साधारण ५० ते १५० पेशींची वाढ समाधानकारक मानतात, पुढे दरवर्षी ५० ते १०० अशी भर पडत जाऊन काही वर्षांनी आकडा स्थिरावतो. पन्नाशीच्या शेतकऱ्याचा सीडी-४ तिशीतल्या मुलाच्या वेगाने वाढत नाही म्हणून त्याच्या गोळ्या ‘लागू पडत नाहीत’ असे म्हणू नये. लागू पडतात की नाही हे व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तातील विषाणूच्या मोजणीवरून ठरते. ज्वर, प्रतिश्याय, इतकेच काय पण सकाळ-सायंकाळ एवढ्या फरकानेही सीडी-४ खालीवर होतो. एका अहवालावरून हर्ष वा खेद करणे वैद्याला शोभत नाही.

आकडा वाढविणे आणि क्षमत्व वाढविणे

आमच्या मते या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला, आणि आपल्या वर्तुळात त्याची चर्चा फारच थोडी झाली. इंटरल्यूकिन-२ हे लिम्फोसाइटची संख्या वाढविणारे शरीरातीलच द्रव्य आहे. ते टोचून दिले तर सीडी-४ वाढतो, हे आधीच ठाऊक होते. प्रश्न एवढाच होता, की वाढलेल्या आकड्याचा रुग्णाला लाभ होतो का? एस्प्रिट व सिलकॅट या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून ५,८०० हून अधिक रुग्णांना घेतले गेले. निम्म्यांना एआरटीसोबत हे द्रव्य दिले, निम्म्यांना एकटी एआरटी. पहिल्या गटाचा सीडी-४ खरोखरच अधिक राहिला. एस्प्रिटमध्ये हा फरक सुमारे १६० पेशींचा होता. परंतु अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतर संधिसाधू रोग व मृत्यू यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत काहीच फरक आढळला नाही.

हे असे का व्हावे? उत्तेजनाने वाढलेल्या पेशी संख्येने पुष्कळ असल्या तरी त्या नव्या ओळखी घेऊन आलेल्या नव्हत्या. जुन्याच पेशींची ती आवृत्ती होती, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २८ व्या अध्यायावर भाष्य करताना चक्रपाणिदत्तांनी व्याधिक्षमत्वाचे दोन अंश सांगितले आहेत : उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बलाला विरोध करणे आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे. दोन्ही अंश कर्माचे आहेत, संख्येचे नाहीत. अमुक वटीने अमुक रुग्णाचा सीडी-४ शंभराने वाढला, असे दावे घेऊन आपल्याकडे प्रतिनिधी येतात तेव्हा आम्ही आता एकच विचारतो : त्या रुग्णाची एआरटी चालू होती का, आणि त्याचा व्हायरल लोड किती होता? बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असते आणि दुसऱ्याचे येत नाही.

दक्षिण आफ्रिकेत २००० नंतरची काही वर्षे सरकारच एआरटीविषयी साशंक होते; तेथील आरोग्यमंत्री लसूण, लिंबू व बीट यांची शिफारस करीत. त्या विलंबाने ३,३०,००० हून अधिक माणसे दगावली, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली मांडला. लसणाचा गुण आपण नाकारीत नाही. त्याला जे काम झेपणारे नव्हते ते त्याच्यावर लादले गेले, एवढाच त्यातील दोष.

‘गोळ्या गरम पडल्या’

आता एका प्रसंगाकडे वळू, जेथे आपल्या क्षेत्रातील वैद्याच्या हातून सर्वाधिक नुकसान होऊ शकते. एआरटी सुरू होऊन तीन-चार आठवडे झालेले असतात. रुग्णाला अकस्मात ज्वर येतो, मानेच्या गाठी सुजतात, कधी त्या पिकतात. क्वचित शिरःशूल व वांती होते. तो यवतमाळला न जाता जवळच्या वैद्याकडे येतो आणि सांगतो, ‘डॉक्टरसाहेब, ह्या गोळ्या लय गरम पडून रायल्या.’ लक्षणे पाहून पित्तप्रकोप वाटतो. पित्तशामक योग देऊन गोळ्या काही दिवस थांबविण्याचा सल्ला देण्याचा मोह होतो.

वस्तुतः घडत असते ते निराळेच. शरीरात क्षयाचे वा बुरशीचे जंतू आधीपासून दडून बसलेले असतात, पण त्यांच्याशी झुंजण्यास पेशी उरलेल्या नसल्यामुळे ना ज्वर येतो ना शोथ. विषाणू आटोक्यात येताच परतलेल्या पेशींना हे जंतू एकदम दिसतात, आणि इतके दिवस न झालेली लढाई एका आठवड्यात होते. आधुनिक वैद्यकात यास आयरिस म्हणतात, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पुनरागमनामुळे उठलेला दाह. उपचारारंभी सीडी-४ शंभराच्या आत असणाऱ्यांना याचा धोका अधिक. बहुतेक प्रसंग पहिल्या तीन महिन्यांतील. ज्वर हा येथे यंत्रणा जागी झाल्याचा पुरावा असला तरी तो निरुपद्रवी नव्हे. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात हा दाह प्राणघातक ठरतो, आणि त्याच कारणास्तव अशा रुग्णांत क्षयाचे उपचार आधी सुरू करून एआरटी चार ते आठ आठवडे मुद्दाम लांबवितात.

अशा वेळी वैद्याने गोळ्या बंद करू नयेत, त्याच दिवशी चिठ्ठी देऊन रुग्णास एआरटी केंद्राकडे पाठवावे. आर्णीहून यवतमाळ सुमारे चाळीस किलोमीटर. श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हे केंद्र आहे. शिरःशूल, मान ताठरणे वा संभ्रम असेल तर एस.टी.ची वाट पाहू नये.

जे भरून येत नाही

विषाणूने आपली लिपी एकदा पेशीच्या गुणसूत्रात सांधली की ती पेशी जिवंत असेतो ती तेथे राहते. काही स्मृतिधारक सीडी-४ पेशी अशी लिपी पोटात घेऊन निवांत पडून राहतात. त्या विषाणू बनवीत नाहीत, म्हणून औषध त्यांना ओळखत नाही. या गुप्त साठ्याचा अर्धायुःकाल सुमारे ४४ महिने मोजला गेला आहे. त्या हिशेबाने तो संपण्यास माणसाचे आयुष्य पुरत नाही. आजन्म औषध का, याचे उत्तर एवढेच आहे. औषध दुबळे आहे असा त्याचा अर्थ नव्हे.

दुसरी उणीव आतड्यांची. शरीरातील लिम्फोसाइटचा फार मोठा भाग आतड्याच्या भित्तीत असतो, आणि संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच तेथील सीडी-४ पेशींचा सर्वाधिक संहार होतो. भित्तीचा बांध फुटतो, आतील जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि त्यांच्यामुळे शरीरभर मंद दाह धुमसत राहतो. २००६ साली हे स्पष्ट झाले. रक्तातील आकडा सुधारला तरी आतड्यातील तूट पुष्कळदा अपुरीच भरते, आणि हा मंद दाह एआरटीवरील रुग्णांतही हृदयविकाराचे प्रमाण वाढवितो. अग्नी आणि ग्रहणी यांना बलाच्या विचारात मध्यवर्ती स्थान देणाऱ्या आपल्या शास्त्राच्या अभ्यासकांनी येथे मन लावून काम करण्याजोगे आहे. आमाचा विचार, आहारविधी, निद्रा, मलशुद्धी यांत वैद्याचे कौशल्य रुग्णाच्या खरोखर उपयोगी पडते, आणि त्यासाठी एआरटीशी स्पर्धा करावी लागत नाही.

आकडा सुधारल्यावर औषधाला विश्रांती द्यावी का, हा प्रश्न आधुनिक वैद्यकानेही प्रामाणिकपणे विचारून पाहिला. स्मार्ट नामक चाचणीत ३३ देशांतील ५,४७२ रुग्ण होते. एका गटाने औषध अखंड घेतले. दुसऱ्याने सीडी-४ ३५० च्या वर असता थांबविले आणि २५० च्या खाली जाताच पुन्हा सुरू केले. जानेवारी २००६ मध्ये चाचणी मुदतीआधीच आवरती घ्यावी लागली. विश्रांती घेणाऱ्यांत संधिसाधू रोग वा मृत्यूचा धोका २.६ पट निघाला. हृदय, वृक्क व यकृत यांचे गंभीर विकारही त्यांच्यातच अधिक होते. औषधाचे दुष्परिणाम टळावेत म्हणून दिलेली विश्रांती औषधाहून महाग पडली.

या ज्ञानानुसार आपल्या देशातील धोरणही पावलापावलाने बदलत गेले. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने विनामूल्य एआरटी सुरू केली तेव्हा पहिल्या मोजक्या रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते, आणि उपचारासाठी सीडी-४ २०० च्या आत असणे ही अट होती. पुढे ती मर्यादा ३५०, मग ५०० झाली आणि २०१७ मध्ये काढूनच टाकली. आता निदान झाले की उपचार, आकडा कितीही असो. या बदलामागे महाराष्ट्राचाही वाटा आहे. एचपीटीएन ०५२ या चाचणीत नऊ देशांतील १,७६३ जोडपी होती. त्यांत पती-पत्नींपैकी एकालाच संसर्ग झालेला होता. भारतातील जोडपी पुण्याची व चेन्नईची होती. पुण्यातील काम भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने पाहिले. लवकर उपचार घेणाऱ्यांकडून जोडीदारास होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला, हे २०११ साली जाहीर झाले. व्हायरल लोड सतत अदृश्य पातळीवर असलेल्या व्यक्तीकडून शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही, हे आज सर्वमान्य आहे. नवविवाहित जोडपी आपल्यापाशी संततीविषयी विचारण्यास येतात, तेव्हा वैद्याला हे ठाऊक असावे.

भस्मे, वटी आणि दुकानाचा काउंटर

औषधी दुकानदार बंधूंसाठी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. डॉल्युटेग्राव्हिर हे औषध लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनियम यांच्या आयनांशी आतड्यात बांधले जाते आणि मग शोषले जात नाही. उपाशीपोटी कॅल्शियम कार्बोनेटसोबत घेतल्यास त्याची रक्तातील मात्रा सुमारे ३९ टक्क्यांनी, फेरस फ्युमरेटसोबत सुमारे ५४ टक्क्यांनी आणि मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमयुक्त अम्लपित्तशामक द्रवासोबत ७० टक्क्यांहून अधिक घटते, असे मापन झालेले आहे. मात्रा घटली की विषाणूला डोके वर काढण्यास जागा मिळते.

आता आपल्या फडताळाकडे पाहू. लोहभस्म, मंडूर, स्वर्णमाक्षिक, अभ्रक, जसदभस्म, शंख, कपर्दिक, प्रवाळ, मौक्तिक. योगांत पाहिले तर नवायस लोह, पुनर्नवा मंडूर, ताप्यादि लोह, आरोग्यवर्धिनी, कामदुधा, सूतशेखर. भस्म म्हणजे फेरस फ्युमरेटची गोळी नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि जठरातील अम्लात त्यातून काही अंश सुटणार हे गृहीत धरून तोच नियम लावणे शहाणपणाचे : एआरटीची गोळी आधी घ्यावी आणि अशी कल्पे किमान दोन तासांनी, किंवा कल्प आधी घेतले असल्यास गोळी सहा तासांनंतर. बहुतेक रुग्ण गोळी रात्री घेतात. तेव्हा भस्मयुक्त कल्प सकाळी दिले की प्रश्न सुटतो. अम्लपित्तासाठी दुकानातून सहज उचलल्या जाणाऱ्या पातळ औषधांनाही हाच नियम.

टेनोफोव्हिर दीर्घकाळ घेणाऱ्या काहींत वृक्कावर परिणाम होतो. अशांना पारदयुक्त रसकल्प देण्यापूर्वी क्रिएटिनिन पाहावे. अहवाल नसेल तर ते कल्प टाळावे. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर डॉल्युटेग्राव्हिरची ५० मि.ग्रॅ.ची एक जादा मात्रा बारा तासांनी लागते. ती केंद्राकडूनच मिळते, आणि रुग्ण ‘दोनदा का?’ म्हणून विचारू लागला तर त्याची ती गोळी बंद करू नये. वनस्पतिज द्रव्येही निरपेक्ष नसतात. लसणाच्या गोळ्या तीन आठवडे घेतल्यावर सॅक्विनाव्हिर या जुन्या औषधाची रक्तातील मात्रा निम्म्यावर आल्याचे २००२ साली दिसले; उलट मिरी-पिंपळीतील पायपेरिनने नेव्हिरापिनची मात्रा लक्षणीय वाढल्याचे २००७ साली आढळले. ही दोन्ही औषधे आता मागे पडली आहेत, तरीही यकृतातील ज्या विकरांवर हे परिणाम घडतात ती विकरे आहेत तशीच आहेत. भाजीतल्या लसणाची वा चहातल्या मिरीची धास्ती नको. प्रश्न आहे तो अर्क, घनसत्त्व व दीर्घकाळ दिलेल्या त्रिकटूचा.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या शेड्यूल ‘जे’मध्ये, म्हणजे जे बरे करण्याचा दावा करता येत नाही अशा रोगांच्या यादीत, पहिलेच नाव एड्सचे आहे. ‘एचआयव्हीवर रामबाण’ अशी पत्रके कोणी दुकानात ठेवून गेला तर ती काढून टाकावीत. आणि एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार रुग्णाच्या संमतीवाचून त्याची स्थिती इतरांस सांगता येत नाही, संमतीवाचून चाचणीही करता येत नाही. आपल्या गावात कोण कोणाचा कोण लागतो हे सर्वांना ठाऊक असते. ग्राहक उभे असताना काउंटरवरून ‘त्या गोळ्यांसोबत हे चालेल का?’ असे मोठ्याने विचारले गेले की तो रुग्ण पुन्हा त्या दुकानात येत नाही, आणि कित्येकदा केंद्रावर जाणेही सोडतो. आमच्याकडे आता अशा रुग्णांना पाहण्यासाठी दुपारी दोननंतरची वेळ राखून ठेवली आहे, आणि त्यांच्या केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात केवळ एक वेळ लिहिलेली असते : रात्रीची गोळी किती वाजता. प्रत्येक भेटीत पहिला प्रश्न तोच असतो. सीडी-४चा कागद त्यानंतर पाहतो.